अपडेटनंतर वाय-फाय गायब, स्क्रीन मधूनच काळी – फॉरमॅट मारायचा का?

पाणकावळा (गुरुवार, रात्री ९:०५)

नमस्कार मंडळी,

घरचा लॅपटॉप आहे, चारेक वर्षांचा, विंडोज ११ होम. काल रात्री अपडेट बसलं, मशीन आपणहून रीस्टार्ट होत राहिलं आणि आज सकाळपासून नुसता वैताग आहे.

वाय-फायचं चिन्हच गेलंय. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर वाय-फाय नावाची ओळच नाही, फक्त इथरनेट आणि एअरप्लेन मोड. शिवाय व्हिडिओ लावला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत येते. अपडेटच्या पानावर एक अपडेट 'इन्स्टॉल एरर' म्हणून लाल अक्षरांत बसलंय, कोड ०एक्स८००७३७१२.

रीस्टार्ट करून झालं. ट्रबलशूटर चालवला, तो म्हणतो काही सापडलं नाही. आता 'रिसेट धिस पीसी' करावं असं मनात आहे, पण मुलीच्या प्रोजेक्टच्या फायली त्यावर आहेत. मोबाइलवरून लिहितोय, टंकनचुका सांभाळून घ्या. जाणकारांनी प्रकाश टाकावा.


धडाधड (गुरुवार, रात्री ९:११)

फॉरमॅट. अपडेटने बिघडलेल्या मशीनवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. पेनड्राइव्ह बनवा, सी ड्राइव्ह उडवा, तासाभरात नवाकोरा.


खिडकीबंद (गुरुवार, रात्री ९:१४)

लिनक्स टाका. सुखी व्हाल. (कोणीतरी म्हणणारच होतं, म्हटलं आपणच म्हणून मोकळं व्हावं.)


उंटावरची_शहाणी (गुरुवार, रात्री ९:३२)

पाणकावळा, अजून कशालाही हात लावू नका. रिसेट तर नाहीच.

आधी मुलीच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. त्यासाठी वाय-फाय लागत नाही. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. चालू असेल तर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असेल. मोबाइलवरून खातं उघडून ती कागदावर उतरवून ठेवा. पुढे कुठे निळ्या पडद्यावर की मागितली आणि ती हाताशी नसली, तर ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) राहतो बाजूला आणि फायली कायमच्या जातात.

हे झालं की मला एवढं सांगा:

डिव्हाइस मॅनेजर उघडा, वर व्ह्यूमध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस' करा. नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्समध्ये वाय-फाय कार्ड दिसतंय का? पिवळं चिन्ह आहे, की नाव फिकट राखाडी आहे? त्यावर डबल क्लिक केलं की जनरल टॅबमध्ये 'कोड अमुक' असं लिहिलेलं असतं, तो आकडा हवा.

आणि स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' एवढं टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. त्यात दिवसांचे रकाने असतात. गेल्या आठवड्याभरात लाल फुल्या कुठल्या दिवशी आहेत आणि कुठल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं, ते लिहून काढा. विंडोजमधली ही सर्वांत उपयोगी खिडकी आहे, व्हिस्टापासून आहे, आणि कोणीही उघडत नाही.


धडाधड (गुरुवार, रात्री ९:३६)

एवढ्या वेळात फॉरमॅट झालासुद्धा असता.


मांजरपाट (गुरुवार, रात्री ९:४१)

@धडाधड, आणि फॉरमॅटनंतर वाय-फाय नाहीच दिसलं तर? नव्या इन्स्टॉलमध्ये सेटअपच इंटरनेट मागत बसतो. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, नेटला ड्रायव्हर हवा. बसा मग.

पाणकावळा, ताई म्हणतात ते आधी करा. दरम्यान नेट लागलं तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड असेल तर बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लॅपटॉपला तो इथरनेटसारखा दिसतो.


पाणकावळा (गुरुवार, रात्री १०:२०)

टेदरिंग लगेच चाललं, आता लॅपटॉपवरूनच लिहितोय. फायली घेतल्या. एन्क्रिप्शन चालू होतं, की उतरवून ठेवली.

डिव्हाइस मॅनेजर: साधं बघितलं तर वाय-फाय कार्ड नाहीच. हिडन दाखवल्यावर फिकट राखाडी नाव आलं. कोड ४५. पिवळं चिन्ह फक्त खाली 'अदर डिव्हाइसेस'मध्ये एका 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर'वर आहे, कोड २८.

रिलायबिलिटीत: बुधवारी 'विंडोज अपडेट' यशस्वी एक, अयशस्वी एक. लाल फुल्या मात्र रविवारपासूनच आहेत! 'हार्डवेअर एरर', आत 'लाइव्ह कर्नल इव्हेंट', कोड १४१. रविवारी दुपारी डिस्प्ले ड्रायव्हर इन्स्टॉल झाल्याची नोंद आहे. मुलीला विचारलं तर म्हणाली, 'बाबा, स्क्रीन तर रविवारपासूनच तशी होतेय.'

म्हणजे हे अपडेटने नाही?


उंटावरची_शहाणी (गुरुवार, रात्री १०:४४)

नाही. निदान स्क्रीनचं तरी नाही. तुमच्याकडे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिन्ही एकाच सकाळी लक्षात आले म्हणून एकाच माथी मारले जातायत. प्रत्येकाचं वेगळं बघू.

पहिलं वाय-फाय. कोड ४५ म्हणजे 'हे उपकरण सध्या संगणकाला जोडलेलं नाही'. ड्रायव्हर गेला असता तर कार्ड पिवळ्या चिन्हासकट दिसलं असतं, कोड २८ घेऊन. ड्रायव्हर असून सुरू होत नसतं तर कोड १० आला असता. इथे कार्डच हजेरी लावत नाहीये. दारात माणूसच नाही आणि आपण त्याच्यासाठी दुभाषा शोधतोय, असं होईल. म्हणून वाय-फायचा ड्रायव्हर आत्ता उतरवू नका, काढूही नका.

वाय-फाय कार्डं कधीकधी मधल्याच अवस्थेत गोठतात. रीस्टार्टने त्यांचा वीजपुरवठा पूर्ण तुटत नाही, त्यामुळे कितीही रीस्टार्ट केलं तरी ती तशीच राहतात. शटडाउनचाही उपयोग नाही, कारण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे: शटडाउन करताना कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. आपल्याला वाटतं बंद केलं, खरं तर अर्धवट झोपवलेलं असतं.

तर असं करा. शिफ्ट दाबून धरून शटडाउन वर क्लिक करा, म्हणजे पूर्ण बंद होईल. चार्जर काढा. टेदरिंगची केबल, माऊस, सगळं काढा. बॅटरी निघणारी असेल तर काढा. मग पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. चार्जर लावा, सुरू करा.


पाणकावळा (गुरुवार, रात्री ११:०२)

आलं!!! वाय-फाय आलं. चिन्ह, नेटवर्कची यादी, सगळं जागेवर. एकही ड्रायव्हर न टाकता. कमाल आहे.


धडाधड (गुरुवार, रात्री ११:०५)

नशीब.


मांजरपाट (गुरुवार, रात्री ११:१५)

अभिनंदन. परत असं होऊ नये म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब असेल तर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची खूण काढून टाका. नव्या धाटणीच्या स्लीपवाल्या लॅपटॉपमध्ये हा टॅब नसतो, तेव्हा नाही सापडला तर शोधत बसू नका. फास्ट स्टार्टअपही बंद करून टाका. एसएसडी असेल तर सुरू व्हायला फार तर काही सेकंद जास्त लागतील.


गोगलगाय (शुक्रवार, सकाळी ७:५०)

मलाही अशीच अडचण आहे. विंडोज १० आहे, अपडेट केल्यावर प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय. जुना डेस्कटॉप, विंडोज ११ घेत नाही म्हणतो. काय करू?


उंटावरची_शहाणी (शुक्रवार, सकाळी ८:३०)

गोगलगाय, 'अशीच' नाही हो, तुमची पूर्ण वेगळी आहे. वेगळा धागा काढा, नाहीतर दोघांचंही उत्तर हरवेल. पण दोन गोष्टी सांगून ठेवते. प्रिंटर वाय-फायवर असेल तर आधी राउटरने त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) बदललाय का ते बघा. अपडेटनंतरच्या बऱ्याच 'ऑफलाइन' तक्रारींचं मूळ राउटरच्या रीस्टार्टमध्ये असतं. आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची जी योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यात नाव नोंदवलंय का तेही धाग्यात लिहा. विंडोज ११ का घेत नाही? टीपीएम २.० (त्यासाठी लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, नुसतं बंद असेल तर चालू करता येतं. प्रोसेसरच यादीत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी.


आडनाव_नाही (शुक्रवार, सकाळी १०:१५)

म्हणूनच मी विंडोज अपडेटची सर्व्हिसच कायमची डिसेबल करून ठेवलीय. ना अपडेट, ना कटकट. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? १९ जुलै २०२४ आठवतं का? एका रात्रीत ८५ लाख मशीनं निळी पडली होती. अपडेटमुळेच.


मांजरपाट (शुक्रवार, सकाळी ११:०८)

ती विंडोज अपडेटमुळे नाही पडली. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरने स्वतःची एक सदोष फाइल सगळीकडे ढकलली, आणि ते सॉफ्टवेअर कर्नलमध्ये बसणारं असल्यामुळे मशीन उठेचना. कंपन्या, विमानतळ, इस्पितळं अडकली. घरच्या संगणकांवर ते सहसा नसतंच. उपाय काय होता माहितीये? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणं. मशीनमागून मशीन, हाताने.

उलट बाजूचं उदाहरण देतो. वॉनाक्राय (फायली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) १२ मे २०१७ ला पसरलं. ते ज्या भगदाडातून शिरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी 'हात कशाला लावायचा' म्हणून ठेवून दिलं, त्यांच्याच फायली ओलीस गेल्या.


आडनाव_नाही (शुक्रवार, सकाळी ११:२०)

पण २०१८ च्या ऑक्टोबरच्या मोठ्या अपडेटने लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली पुसल्या होत्या, त्याचं काय? ते तर विंडोजचंच होतं.


मांजरपाट (शुक्रवार, सकाळी ११:४५)

हो, ते खरं आहे. १८०९ आवृत्ती. वाटप थांबवावं लागलं आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून परत दिलं. पण बघा, त्यात घाईने पहिल्याच दिवसांत 'चेक फॉर अपडेट्स' दाबणारे सापडले. त्याचा धडा 'थोडं थांबा' असा निघतो, 'कायम बंद' असा नाही. सेटिंग्जमध्ये पॉझ आहे, एका वेळी पाच आठवड्यांपर्यंत. सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. मी पाच-सात दिवस थांबतो, कोणी बोंब मारत नाहीये ना ते बघतो आणि घेतो. महिन्याच्या शेवटाकडे 'प्रिव्ह्यू' लिहिलेली जी ऐच्छिक येतात, ती घरच्या मशीनवर घेण्याचं कारणच नाही. पुढच्या महिन्यात तीच तपासून येणार असतात.


खिडकीबंद (शुक्रवार, दुपारी १२:०२)

अवांतर: आमच्याकडेही कर्नल अपडेट झालं की ग्राफिक्सचा बाहेरून टाकलेला ड्रायव्हर कधीकधी बसत नाही आणि काळा पडदा येतो. फरक एवढाच की ग्रबच्या (सुरू होताना दिसणाऱ्या) मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल शिल्लक असतो, तो निवडायचा आणि कामाला लागायचं. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सहीचा घोळ होतो, तो निस्तरावा लागतो. तेव्हा लिनक्स टाका म्हणताना सुखी व्हाल म्हटलं होतं, निवांत व्हाल म्हटलं नव्हतं.


पाणकावळा (शुक्रवार, रात्री ८:४०)

आलो. दिवसभर वाय-फाय व्यवस्थित. स्क्रीन अजून तशीच. मघाशी ती काळी होऊन परत आलीच नाही, शेवटी बटण दाबून बंद केला.


उंटावरची_शहाणी (शुक्रवार, रात्री ९:१०)

पुढच्या वेळी तसं झालं तर बटण दाबण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी परत सुरू होतो, उघडी कामं तशीच राहतात.

आता तो कोड १४१. विंडोज ग्राफिक्स चिपला काम देते आणि उत्तराची वाट बघते. ठरावीक वेळेत, नेहमीच्या मांडणीत २ सेकंदांत, उत्तर नाही आलं तर चिप अडकली असं धरून ड्रायव्हर रीसेट करते. ती जी क्षणभराची काळी स्क्रीन, ती म्हणजे हा रीसेट. १४१ ही त्याचीच नोंद. कारणं दोन: ड्रायव्हर बिघडलेला, किंवा चिप तापतेय अथवा मरायला टेकलीय. तुमच्याकडे ड्रायव्हर बदलला त्याच दिवसापासून सुरू झालंय, तेव्हा संशय ड्रायव्हरवर.

पण रविवारी तो बदलला कोणी? अपडेट तर बुधवारी आलं. सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी 'डेट इन्स्टॉल्ड'प्रमाणे लावा आणि त्या आठवड्यात काय आलंय ते बघा.


पाणकावळा (शुक्रवार, रात्री ९:३५)

शनिवारी एक व्हिडिओ कन्व्हर्टर आलाय (प्रोजेक्टसाठी), आणि त्याच मिनिटाला 'ड्रायव्हर अपडेटर' छापाचा एक प्रोग्राम. हा कोणी मुद्दाम घेतलेला नाही. उघडला तर म्हणतो '१७ ड्रायव्हर कालबाह्य, ताबडतोब दुरुस्त करा', आणि पैसे मागतोय. रविवारचा ग्राफिक्स ड्रायव्हर त्याच्या 'मोफत दुरुस्ती'च्या यादीत आहे.


मांजरपाट (शुक्रवार, रात्री ९:४२)

सापडला चोर.

हे सगळे एकाच जातीचे. तारीख जुनी दिसली की 'कालबाह्य' म्हणतात. ड्रायव्हरच्या तारखेला तसा काही अर्थ नसतो. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते, आजच्या विंडोज ११ मध्येसुद्धा. मुद्दाम तशी ठेवलीय, म्हणजे उपकरण बनवणाऱ्याचा ड्रायव्हर आला की तारखेने तो वरचढ ठरावा. इंटेलच्या चिपसेटच्या फायलींवर तर १८ जुलै १९६८ ही तारीख दिसते, कंपनीच्या स्थापनेची! तेव्हा विंडोजच काय, घरात ठेवायचे संगणकही नव्हते. असल्या तारखांना 'कालबाह्य' म्हणून तो प्रोग्राम १७ चा आकडा गाठतो.


उंटावरची_शहाणी (शुक्रवार, रात्री १०:०५)

क्रम नीट पाळा, नाहीतर आपण काढू आणि तो परत टाकेल.

आधी अपडेटर अनइन्स्टॉल. मग टास्क शेड्युलर उघडून लायब्ररीत त्याच्या नावाचं काही उरलंय का बघा, असेल तर तेही काढा. ही मंडळी अनइन्स्टॉलनंतरही तिथे एखादं अंडं घालून जातात.

मग डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण जिवंत असेल तर तेवढ्यावर काम संपेल. फिकट असेल तर कळवा. तुमच्या लॅपटॉपला दोन ग्राफिक्स चिपा असतील तर दोन नावं दिसतील. रविवारी ज्याचा ड्रायव्हर आला, त्यालाच हात लावा.


पाणकावळा (शुक्रवार, रात्री १०:३०)

दोन नावं आहेत. अपडेटर काढला, शेड्युलरमध्ये खरंच एक उरलं होतं, तेही काढलं. रोल बॅक फिकट आहे.


मांजरपाट (शुक्रवार, रात्री १०:३४)

मग डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर). सेफ मोडमध्ये चालवा, ग्राफिक्सचा पूर्ण माग पुसून टाकतं. मी नेहमी तेच करतो.


उंटावरची_शहाणी (शुक्रवार, रात्री १०:५०)

डीडीयू चांगलं आहे, पण दुसऱ्या फळीला ठेवा. पाणकावळांच्या मशीनला दोन चिपा आहेत. चुकून दुसऱ्याचाही माग पुसला तर काम दुप्पट. आधी साधा मार्ग:

लॅपटॉप बनवणाऱ्याच्या सपोर्ट पानावर तुमच्या नेमक्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून घ्या. उतरला की वाय-फाय बंद. हे विसरू नका, नाहीतर मधल्या वेळात विंडोज स्वतःच एखादा ड्रायव्हर आणून बसवते आणि कोणता बसला ते कळत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि त्या चौकटीत ड्रायव्हरही काढून टाकण्याची जी खूण असते, ती करा. ती न करता काढलं तर रीस्टार्टनंतर तोच ड्रायव्हर साठ्यातून परत येतो. निम्मे लोक इथेच गोल गोल फिरतात. रीस्टार्टनंतर अक्षरं मोठी, स्क्रीन ओबडधोबड दिसली तर घाबरू नका. विंडोजचा प्राथमिक ड्रायव्हर आहे तो. मग उतरवलेला टाका, रीस्टार्ट, वाय-फाय चालू.


मांजरपाट (शुक्रवार, रात्री ११:०१)

चिप बनवणाऱ्याच्याच पानावरून का नको? लॅपटॉपवाल्यांच्या पानावरचे ड्रायव्हर दोन-दोन वर्षं जुने असतात, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरलाही सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात.


उंटावरची_शहाणी (शुक्रवार, रात्री ११:१२)

मुद्दा मान्य आहे, आणि डेस्कटॉपवर मीही तेच करते. पण दोन चिपांच्या लॅपटॉपमध्ये कोणतं काम कुठल्या चिपवर, झाकण मिटल्यावर काय, उजेडाच्या कळा, हे सगळं लॅपटॉपवाल्याने स्वतःच्या हिशेबाने जुळवलेलं असू शकतं. आधी त्याचा टाकून मशीन शांत झालं हे नक्की करायचं. मग दोन-चार दिवसांनी हवा तर नवा चढवा. तेव्हा बिघडलं तर कशाने बिघडलं ते ताबडतोब कळेल.


पाणकावळा (शनिवार, सकाळी ११:२५)

सांगितलं तस्सं केलं. ओबडधोबड स्क्रीनही आली, पोटात गोळा आला, पण मग नीट झालं. सकाळपासून मुलगी व्हिडिओ लावून बसलीय, एकदाही काळी झाली नाही. रिलायबिलिटीत आज लाल फुली नाही.

आता ते अडकलेलं अपडेट, ०एक्स८००७३७१२. रिट्राय केलं, परत तेच.


धडाधड (शनिवार, सकाळी ११:३१)

सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डरातलं 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' पुसा. मी सगळ्यांना हेच सांगतो.


मांजरपाट (शनिवार, सकाळी ११:५०)

तो उपाय डाउनलोड अर्धवट झालं असेल तर लागू पडतो (आणि पुसण्याऐवजी नाव बदलून ठेवावं, शिवाय अपडेटच्या सर्व्हिस आधी थांबवाव्या लागतात). त्याने अपडेट हिस्टरीचं पानही कोरं होतं, म्हणजे जो पुरावा वाचायचा तोच जातो. ७३७१२ चा अर्थ वेगळा आहे: विंडोज आपल्या भागांच्या मूळ प्रती जिथे ठेवते त्या साठ्यात काहीतरी गहाळ आहे.

पाणकावळा, टर्मिनल अ‍ॅडमिन म्हणून उघडा. आधी डिझम (तो साठा दुरुस्त करणारं विंडोजचं साधन), म्हणजे 'डिझम, ऑनलाइन, क्लीनअप इमेज, रिस्टोअर हेल्थ' हा आदेश. चांगल्या प्रती तो इंटरनेटवरून आणतो, म्हणून वाय-फाय चालू हवं. बासष्ट टक्क्यांच्या आसपास मेल्यासारखा थांबतो. थांबू द्या, बंद करू नका. तो संपला की 'एसएफसी स्कॅननाऊ' (विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारा आदेश). बरेच जण आधी एसएफसी चालवतात. पण एसएफसी ज्या साठ्यातून प्रती उचलतो तोच खराब असेल तर तो काय दुरुस्त करणार? मग रीस्टार्ट आणि रिट्राय.

याने नाहीच झालं, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट' आहे. फायली, प्रोग्राम, सेटिंग्ज ठेवून विंडोज स्वतःवरच परत बसते. फॉरमॅटचा हट्ट असणाऱ्यांनी निदान हे आधी करावं.


पाणकावळा (शनिवार, दुपारी २:४०)

डिझम बासष्टवर खरंच थांबला. जेवून आलो तोवर पूर्ण. एसएफसीने काही फायली दुरुस्त केल्याचं सांगितलं. अपडेट बसलं, लाल अक्षरं गेली.

उरलं ते पिवळं चिन्ह, 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर', कोड २८. सगळं चालतंय, मग हे काय आहे? तसंच राहू दिलं तर?


उंटावरची_शहाणी (शनिवार, दुपारी ३:१५)

प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हीईएन'नंतरची चार अक्षरं बनवणारा सांगतात. ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक. अनोळखी उपकरण कोणाचं हे ओळखायला याहून सोपा मार्ग नाही, आणि त्यासाठी कुठलाही प्रोग्राम लागत नाही.

८०८६ असेल तर बहुतेक ते इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन असणार. लॅपटॉपच्या सपोर्ट पानावर चिपसेटच्या विभागात त्याच नावाचा ड्रायव्हर मिळेल. न टाकता रोजचं काम चालतं, पण काही मशीनवर स्लीपमधून उठताना त्रास होतो, तेव्हा टाकलेला बरा. त्याच पानावर बायोसचं अपडेट दिसेल, त्याच्या मोहात आज पडू नका. पुढेमागे करायचं झालंच तर चार्जर लावून आणि आधी एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवून. नाहीतर सुरू होताना ती ४८ आकडी की मागेल.


पाणकावळा (शनिवार, दुपारी ४:०५)

८०८६ च होतं. टाकला, पिवळं चिन्ह गेलं. शीर्षकात 'सुटलं' असं जोडायची विनंती संपादकांना केलीय. ताई, मांजरपाट, दोघांचे मनापासून आभार. खिडकीबंद यांचेही, हसवल्याबद्दल.


आडनाव_नाही (शनिवार, सायंकाळी ५:३०)

एक विचारतो. मी सर्व्हिस परत चालू केली तर इतक्या महिन्यांचं सगळं एकदम अंगावर येईल का?


मांजरपाट (शनिवार, सायंकाळी ५:४८)

नाही. महिन्याची सुरक्षा अपडेटं एकात एक सामावलेली असतात, त्यामुळे शेवटचं घेतलं की मधली सगळी त्यात येतात. विंडोजची आवृत्ती फारच मागे राहिली असेल तर आधी नवी आवृत्ती देऊ करेल. सी ड्राइव्हवर वीसेक जीबी मोकळी करून ठेवा, फायलींची प्रत घ्या आणि ज्या रात्री लॅपटॉपची गरज नाही अशा रात्री लावा. नवी आवृत्ती पटली नाही तर रिकव्हरीत 'गो बॅक' असतं, पण त्याची मुदत १० दिवसांची आहे. तोवर डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' पुसू नका.


गोगलगाय (शनिवार, सायंकाळी ६:१०)

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझा प्रिंटरचा धागा वेगळा काढलाय. राउटरचंच निघालं बहुतेक, आयपी बदललेला दिसतोय. तिकडे या.